मेस्त्रीकाकांची फुटकी बंदूक

"ही घेऊ नका. हिचा खालचा सांधा मोडून परत मारलाय."

नवऱ्याच्या नोकरीसाठी हॉलंडला येऊन आम्हाला तीन आठवडे झाले होते. आइंडहोवनजवळच्या बेस्ट या छोट्या गावात मी जुन्या सायकलींच्या दुकानात एक हिरवी सायकल पसंत केली होती. दुकानदाराशी मोडक्या इंग्रजीत बोलणं चालू असताना मागून शुद्ध मराठीत हे वाक्य आलं. वळून पाहिलं तर राखाडी कोट घातलेला एक सडपातळ, ताठ म्हातारा. त्यानं सायकलच्या दांड्यावर बोटाच्या पेरानं दोनदा टकटक केली, मग शेजारच्या काळ्या सायकलवर केली.

"ऐका. ही वाजते. ती बद्द बोलते. काळी घ्या."

मी काळी घेतली. आम्ही मराठी आहोत हे त्यांना कसं कळलं, असं विचारलं तर म्हणाले, "तुम्ही मघाशी किंमत ऐकून 'अगं बाई' म्हणालात."

हे अनंत मेस्त्री. आमच्या गल्लीच्या टोकाला, कालव्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर राहायचे. मूळचे कुडाळकडचे. धातुशास्त्र शिकून तिशीत इकडे आले, इथल्याच एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी केली आणि तिथूनच निवृत्त झाले. बायको डच, टिनेका. उंच, मोठ्या हातांची, निवृत्त नर्स. तिला मालवणी बोलीतला एकच शब्द पक्का येत होता: "जेवलंस?" सकाळी दहाला गेलं तरी ती दारात हेच विचारायची आणि उत्तराची वाट न बघता कॉफी ठेवायची. त्यांना मूलबाळ नव्हतं. त्या वर्षी काका सहासष्ट-सदुसष्टचे असतील.

वस्तू वाजवून बघायची त्यांची सवय मला पुढे तीन वर्षं सगळीकडे भेटली. आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा चहा येईपर्यंत त्यांनी कुकरचं झाकण, कढई आणि खिडकीचा गज वाजवून घेतला. स्टेशनवर गाडीची वाट बघताना कठडा वाजवायचे. लोकांना ते विक्षिप्त वाटत, आणि काका लोकांना काही वाटू द्यायला हरकत घेत नसत. बोलणं कमी. रागावले तर आणखी कमी. टिनेका म्हणायची, "आनंत रागावला की घरात घड्याळ ऐकू येतं."

बंदुकांचं मला पहिले सहा महिने कळलंच नव्हतं. भिंतीवर काही टांगलेलं नसायचं. एका रविवारी मी डबा परत द्यायला गेले, तर मागच्या खोलीत टेबलावर धोतराचं जुनं पान अंथरलेलं आणि त्यावर एक लांबलचक बंदूक. काळपट, आठ पैलूंची जाड नळी, पितळी चाप, आणि दस्ता इतका आखूड की खांद्याला लावायची सोयच नाही.

"गालाला लावतात," काका म्हणाले. "जपानी आहे. तोड्याची बंदूक. हा पितळेचा चिमटा दिसतो ना, ह्यात जळती वात अडकवायची. तिला आपल्याकडे तोडा म्हणायचे. चाप ओढला की वात खाली येते, दारूला लागते, बार उडतो. काडेपेटीसुद्धा ह्यापेक्षा अवघड."

मी जरा मागे सरकले होते ते त्यांनी पाहिलं.

"घाबरू नको गो. मी आजवर हिच्यात चिमूटभर दारू घातलेली नाही. घालणारही नाही."

मग त्यांनी दस्त्याच्या कडेला असलेल्या बांबूच्या दोन बारीक खुंट्या लाकडी ठोकणीनं हळूच काढल्या, नळी उचलून उलटी केली आणि खिडकीकडे धरली. नळीच्या पोटावर, जी बाजू एरवी लाकडात लपलेली असते तिथे, जपानी अक्षरांची एक ओळ कोरलेली होती.

"हे नाव आहे. ज्यानं बनवली त्याचं. बंदूक जुळवली की हे कोणाला दिसत नाही. पण त्यानं ते घातलंय."

अशा नऊ बंदुका त्यांच्याकडे होत्या. कपाटाच्या खणांत, चादरी ठेवाव्यात तशा आडव्या, सुती कापडात गुंडाळून ठेवलेल्या. भिंतीवर का लावत नाही, असं मी विचारलं होतं. "ज्याला दुसऱ्याला भीती घालायची असते तो भिंतीवर लावतो," एवढंच म्हणाले.

पुढल्या वर्षी गणपतीला आइंडहोवनच्या एका शाळेचा हॉल घेऊन आम्ही मराठी मंडळी जमलो होतो. बहुतेक सगळे पुण्या-मुंबईहून आलेले, संगणकवाले, तिशीच्या आतबाहेरचे. काकांच्या छंदाची बातमी तोपर्यंत पसरली होती. जेवणाच्या रांगेत एकानं त्यांना जरा मोठ्यानंच विचारलं, "काका, जपानी बंदुका कशाला? आपल्या मराठ्यांच्या काळातली एखादी घ्यायची ना! निदान अभिमान तरी."

काकांनी ताटातली भजी बाजूला सरकवली.

"घेतो. लगेच घेतो. फक्त जिच्यावर लोहाराचं नाव आहे अशी दाखव. राजाचं नको, सरदाराचं नको, कोठाराचा शिक्का नको. ज्याचे हात भाजले त्याचं नाव."

तो मुलगा हसला. "तसं कुठं असणार, काका?"

"असेलही कुठं. मला सापडलेली नाही," काका म्हणाले आणि भजी खायला लागले. त्या रांगेत मेस्त्री या आडनावाचा अर्थ कोकणाबाहेरच्या किती जणांच्या लक्षात आला असेल कोण जाणे. तिकडे सुतारकाम, लोहारकाम करणाऱ्या घरांचं ते आडनाव. डच लोकांना मात्र ते नाव 'मेस्टर'सारखं, म्हणजे मास्तरांसारखं ऐकू येई, आणि गल्लीतली पोरं त्यांना बरीच वर्षं शाळामास्तर समजत होती.

बंदुका मागवण्याचं काम ते एखाद्या व्रतासारखं करत. जपानमध्ये ओसाकाजवळ एक म्हातारा विक्रेता होता. तो इंग्रजी येणाऱ्या सुनेकडून पत्रं लिहून घ्यायचा, सोबत फोटो पाठवायचा. तिकडे प्रत्येक जुन्या बंदुकीचा नोंदणीचा कागद असतो. काकांना त्याचं फार कौतुक: "हत्यार असून दाखला पोलिसांचा नाही, शिक्षणखात्याचा! शाळा चालवणारे लोक बंदुकीची नोंद ठेवतात." ती देशाबाहेर न्यायची तर ती राष्ट्रीय ठेवा नाही असं सरकारकडून लिहून घ्यायचं आणि तो नोंदणीचा कागद परत करायचा. त्यात महिना-दोन महिने जात. इकडे हॉलंडमध्ये ती किती जुनी, काळ्या दारूची, आजच्या काडतुसाला निरुपयोगी, हे कागदोपत्री दाखवायचं. काकांकडे प्रत्येक बंदुकीची वेगळी फाईल होती. त्यात फोटो, पत्रांच्या प्रती, कायद्याच्या कलमाची झेरॉक्स, आणि शेवटी नळीवरच्या नावाचा कागदावर पेन्सिल घासून काढलेला ठसा.

दृष्टी कमी झाल्यानं त्यांनी गाडी चालवणं सोडलं होतं. टिनेका हमरस्त्यावर गाडी चालवायला कंटाळायची. त्यामुळे काकांना स्किपोल विमानतळाच्या मालवाहू विभागात न्यायचं काम माझ्याकडे आलं. पहिल्यांदा गेलो तेव्हा कस्टम्सची एक तरुण अधिकारी बाई खोका उघडून बराच वेळ आत बघत राहिली.

"ही चालते का?" तिनं विचारलं.

"दारू लागेल, गोळी लागेल, जळती वात लागेल, कोरडी हवा लागेल," काका सावकाश डचमध्ये म्हणाले, "आणि कोणाला तरी मारायची इच्छा असलेला माणूस. ह्या खोक्यात पाचांपैकी एकही नाही."

तिनं फाईल पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली. शेवटचा पेन्सिलचा ठसा बघून म्हणाली, "हे काय?" काकांनी सांगितलं. तिनं शिक्का मारला आणि खोका स्वतः बंद करून दिला. परतीच्या वाटेवर काका म्हणाले, "चांगली मुलगी. कामाला कंटाळत नाही."

दोन हजार पाचच्या हिवाळ्यात एक वेगळीच बंदूक आली.

विक्रेत्यानं नेहमीप्रमाणे फोटो पाठवले होते. यादीच्या तळाला एक बंदूक फक्त सुट्या भागांसाठी विकायला होती, कारण तिची नळी मागच्या बाजूला फुटलेली होती. चाप आणि पितळी कमान तेवढी कामाची. काकांनी कळवलं, मला ही हवी, आणि फुटलेल्या नळीसकट हवी. सुनेचं उत्तर आलं की सासरे विचारतात, आपण चुकून भलत्याच आकड्यावर तर बोट ठेवलं नाही ना? त्यांच्याकडे त्याच लोहाराची धड बंदूक आहे. काकांनी पुन्हा लिहिलं, फुटकीच पाठवा.

टिनेकाला हे आवडलं नव्हतं. मी कॉफी पीत असताना ती त्यांच्यासमोरच मला म्हणाली, "शुभा, ह्याला सांग. काही गोष्टी न बघितलेल्या बऱ्या."

काका म्हणाले, "न बघता सत्तेचाळीस वर्षं काढली."

मला संदर्भ कळला नाही, आणि त्या घरात न कळलेलं विचारायची पद्धत नव्हती.

कस्टम्सला योगायोगानं तीच बाई होती. खोका उघडल्यावर तिचा चेहरा पडला. तिनं आधी कागद बघितले, मग काकांकडे बघून हलक्या आवाजात म्हणाली, "साहेब, मला वाईट वाटतं. प्रवासात मोडली. नुकसानीचा अर्ज देऊ का?"

"नको," काका म्हणाले. "ती अशीच फुटली होती. दीडशे-दोनशे वर्षं झाली असतील."

"मग तुम्ही ती..." एवढंच बोलून ती थांबली. काकांनी नळीच्या फाटलेल्या काठावरून अंगठा फिरवला, अगदी हलका, जखमेच्या कडेनं फिरवावा तसा. ते मी तिच्या शेजारी उभी राहून पाहिलं. तिनं शिक्का मारला.

परतताना पाऊस लागला. उट्रेख्तच्या पुढे गाड्या तुंबल्या आणि आम्ही एका जागी उभे राहिलो. खोका मागच्या सीटवर आडवा. काका समोरच्या काचेकडे बघत बोलायला लागले. मी त्यांना एवढं बोलताना आधी कधी ऐकलं नव्हतं, नंतरही नाही.

"आमचे बाबा ठासणीच्या बंदुका दुरुस्त करायचे. रानडुकरं भात लोळवतात, म्हणून आमच्याकडे शेतकऱ्यांकडे अशा बंदुका असतात. वरून दारू भरायची, गजानं ठासायची. पंचक्रोशीत बाबांसारखा हात कोणाचा नव्हता. मी मुंबईला डिप्लोम्याला होतो. पहिलं वर्ष संपवून सुट्टीत घरी आलो. वीस वर्षांचा. शेजारच्या वाडीतल्या शांतारामची बंदूक दुरुस्तीला आली होती. नळीचा मागचा भाग कुजला होता. तो कापून बाबांनी नवं लोखंड गुंडाळून सांधा मारायला घेतला."

पुढची गाडी सरकली. मी गिअर टाकला.

"सांधा मारायचा तर लोखंड पांढरं व्हावं लागतं. ठिणग्या उडायला लागल्या की क्षणभरात बाहेर काढून घण मारायचा. बाबा डोळ्यांनी ओळखायचे. मी घण घेऊन उभा होतो. आणि मी पुस्तकात नुकतंच वाचलं होतं की जास्त तापलं तर लोखंड जळतं, त्याची ताकद जाते. खरं आहे ते. मी म्हटलं, बाबा, पुरे, काढा, जळेल. बाबांनी माझ्याकडे बघितलं. म्हणाले, 'तू शिकलेलो आसस. तू म्हणशीत तसा.' आणि काढलं."

काकांनी बाहीनं काचेवरची वाफ पुसली.

"भाताच्या दिवसांत शांतारामनं डुकरावर बार टाकला. मागचा भाग उडाला. दोन दिवस जगला तो. बायको पंचविशीची, पदरात एक मुलगी. पोलीस आले, पंचनामा झाला. बंदूक मुद्देमालात गेली ती परत कोणी पाहिली नाही. तार मिळाल्यावर मी आलो होतो. पंचनाम्याच्या वेळी लांबून एकदाच बघितली. शेंग उकलावी तशी नळी उघडली होती. शांतारामनं दारू दुप्पट भरली असेल, असंही लोक म्हणाले. पण गावात राहिलं ते एकच. मेस्त्रीनं सांधा कच्चा ठेवला."

"आणि बाबा?" मी विचारलं.

"बाबा एका शब्दानं बोलले नाहीत. पोलिसांपुढे नाही, गावापुढे नाही, माझ्यापुढे नाही. बंदुकीचं काम सोडलं. कोयते, विळे करत राहिले. लोक कोयता घेताना दगडावर वाजवून, कानाशी धरून बघायला लागले. बाबांसमोर. बाबा उभे राहायचे. मला ही सवय तिथूनच लागली असावी."

"तुम्ही कधी सांगितलं नाहीत?"

"मी शिकत राहिलो," काका म्हणाले. ते उत्तर होतं की नाही, हे मला आजही ठरवता येत नाही.

घरी पोचलो. टिनेका दारात उभी होती. त्या दिवशी तिनं मला "जेवलंस?" विचारलं नाही.

पुढचे तीन-चार आठवडे काका मागच्या खोलीत होते. भिंगाखाली त्यांनी त्या फुटक्या नळीचा इंच न् इंच तपासला. जुन्या सहकाऱ्याकडून तिचा एक्स-रे काढून आणला. कापायला त्यांनी नकार दिला. म्हणाले, नाव आहे तिच्यावर. मी एकदा गेले तेव्हा त्यांनी मला खुर्चीवर बसवलं, भिंग हातात दिलं आणि प्रयोगशाळेत नव्या मुलीला शिकवावं तसं सांगितलं.

"इथं बघ. फाटलेला काठ कसा आहे?"

"खरखरीत. दाणेदार."

"बरोबर. मागचा स्क्रू बसतो तिथं गंजून चीर पडली. तिथून लोखंड फाटत गेलं. वाटेत तीन सांधे आडवे आले. चीर सांध्यातून गेली, पण सांधा सुटला नाही. ह्या माणसानं काम चोख केलं होतं. बंदूक फुटली त्यात त्याचा दोष नाही." त्यांनी काठावर बोट ठेवलं. "सांध्याला ताव कमी पडला असेल, लोखंड पुरेसं तापलं नसेल, तर असं होत नाही. दोन पानं चिकटलेलीच नसतात. दाब आला की उघडतात. आतून गुळगुळीत असतात, काळी."

मी भिंग खाली ठेवलं.

"शांतारामची नळी आतून गुळगुळीत होती," काका म्हणाले. "काळी. मला वाटायचं, लांबून बघितलं, वय वीस, रडत होतो, भलतंच दिसलं असेल. वाटायचं, फुटलेल्या सगळ्याच नळ्या तशा दिसत असतील. फुटलेली नळी मी हातात कधी घेतलीच नव्हती. धातू तोडून बघण्याची नोकरी तीस वर्षं केली. हे मात्र टाळत होतो."

"पण दारू दुप्पट भरली असेल तर, काका?"

"भरली असेल. चांगल्या सांध्यानं तीही सोसली असती कदाचित." त्यांनी भिंगाला टोपण लावलं. "आता मला माहीत आहे."

दोन हजार सहाच्या मार्चमध्ये ते दोघं भारतात गेले. बाबांना जाऊन अठ्ठावीस-एकोणतीस वर्षं झाली होती. त्यानंतर काका गावी गेलेच नव्हते. महिन्याभरानं परत आले. काय झालं ते मला आधी टिनेकानं सांगितलं, कारण काका बागेत बटाटे लावत होते आणि आत यायला तयार नव्हते.

शांतारामची बायको जिवंत होती. सगळे तिला काकी म्हणत. मुलीनं बांधलेल्या घराच्या ओटीवर बसलेली, डोळे ठीक, कान ठीक. काकांनी ओळख सांगितली. चहा आला. काकांनी चहाला हात न लावता सगळं सांगितलं. लोखंड, ताव, पुस्तक, स्वतःचा शब्द. टिनेकाला भाषा समजत नव्हती, पण तिनं सांगितलं की त्या म्हातारीनं एकदाही त्यांना अडवलं नाही, आणि तिचे हात हळूहळू मांडीवर उलटे पडले.

"मग ती काय म्हणाली?" मी विचारलं.

"ते आनंतला विचार. त्यानं मला सांगितलं, पण भाषांतर करताना तो थांबला. मला वाटतं सगळं आलं नाही."

काकांनी सांगायला दोन आठवडे घेतले. कालव्याच्या काठानं आम्ही चालत होतो. ते थांबले आणि त्या बाईचे शब्द तिच्याच बोलीत म्हणाले.

"'खंय होतस इतकी वर्सां?' असं म्हणाली. आधी तेवढंच. मग म्हणाली, 'तुजो बापूस दर वर्साक कापणीआधी येवन माजे कोयते धारेक लावन देई. खळ्यात बसान. तेका कधी पाणी सुद्दा इचारूक नाय मी.'"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला समजलं की नाही हे बघत असावेत.

"दरवर्षी. एकोणीस वर्षं. मला हे ठाऊकच नव्हतं, शुभा. पत्रात कधी नाही, सुट्टीत गेलो तरी नाही. ती कोयते खळ्याच्या कडेला ठेवून आत जायची आणि दार लावून घ्यायची. बाबा धार लावून, ठेवून निघून जायचे. उन्हात. मी खरं सांगितलं असतं तर तिनं मला शिव्या दिल्या असत्या, पण त्यांना पाणी दिलं असतं. ती मला हेच म्हणाली. म्हणाली, माझ्या नवऱ्यापायी मी तुला माफ करीन, तो मेला त्याला आता किती दिवस झाले. पण तुझ्या बापाशी मी जशी वागले ते मी कोणाला सांगू?"

कालव्यातून एक मालवाहू नाव गेली. तिच्या लाटा काठाला लागेपर्यंत आम्ही तसेच उभे होतो.

"उठताना तिनं विचारलं, तुला धार लावता येते का?" काका पुढे म्हणाले. "मी म्हटलं, येते. तिनं नातवाकडून दगड आणि दोन कोयते आणवले. मी खळ्यात बसलो. चाळीस वर्षांत धरला नव्हता. टिनेका छत्री धरून उभी राहायला आली, मी नको म्हटलं. एक तास लागला. म्हातारीनं अंगठ्यानं धार बघितली. म्हणाली, 'तुज्या बापाशीची सर नाय.' मग आत गेली आणि तांब्या घेऊन आली."

"प्यायलात?"

"अर्धा."

त्यानंतर त्यांनी एकही बंदूक मागवली नाही. विक्रेत्याच्या सुनेची पत्रं येत राहिली. काका आभाराचं उत्तर लिहीत आणि यादी परत पाठवत. लायडनच्या एका तरुण संशोधकाला बोलावून त्यांनी सगळ्या धड बंदुका दाखवल्या आणि फायलींसकट त्याच्या हवाली केल्या. तो नोंदी करून त्या एखाद्या संग्रहालयात ठेवण्याची व्यवस्था करणार होता. फुटकी मात्र दिली नाही. ती कपाटात एकटी राहिली. तिच्या फाईलमध्ये त्यांनी तपासणीचा चार पानी अहवाल लावला होता, प्रयोगशाळेत लिहीत असत तसा, सहीसकट. शेवटचं वाक्य मी वाचलं. त्यात लिहिलं होतं की बनवणाऱ्याच्या कामात कोणताही दोष आढळला नाही.

दोन हजार सातच्या उन्हाळ्यात माझ्या नवऱ्याची नोकरी बदलली आणि आम्ही हार्लेमला जायचं ठरवलं. बेस्टहून ते लांब. सामान बांधण्याच्या गडबडीत मी शेवटच्या आठवड्यात एकदा दुपारी त्यांच्याकडे निघाले. रस्त्यावरून त्यांची मागची बाग कुंपणाच्या झुडपांतून दिसते. काका तिथं बुटक्या स्टुलावर बसले होते. कोट काढून ठेवलेला, बाह्या दुमडलेल्या. पायांत ओला दगड आणि हातात कोयता. गावाकडून आणलेला असावा, कारण असली वाकडी मूठ इथं मिळत नाही. टिनेका जवळच कपडे वाळत घालत होती.

ते दगडावर पाणी शिंपडत, कोयता पुढे-मागे ओढत, अंगठ्यानं धार बघत. मान हलवत. पुन्हा पाणी शिंपडत. गावच्या भातकापणीला अजून तीन महिने होते, आणि टिनेकानं नंतर सांगितलं की त्यांनी सप्टेंबरची तिकिटं काढली होती. त्या वेळी मला ते ठाऊक नव्हतं. एक म्हातारा माणूस परीक्षा जवळ आलेल्या मुलासारखा एकाच कामात बुडालाय, एवढंच दिसत होतं.

मी हाक मारायला हात वर केला होता. तो खाली घेतला, आणि घंटी न वाजवता सायकल हातानं ढकलत परत फिरले.